उभ्या गाडीची हाक

लक्ष्मीपूजनाची रात्र, साडेनऊचा सुमार. सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी सुतळी बॉम्ब लावतं. आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि पार्किंगमधल्या चार-पाच गाड्या एकदम केकाटायला लागतात. कुणाचे इंडिकेटर लुकलुकतात, कुणाचा हॉर्न अडकल्यासारखा वाजत राहतो. वरच्या मजल्यांवर एकही खिडकी उघडत नाही. फराळाच्या ताटावरून उठून एखादा माणूस बाल्कनीत येतो, किल्लीचं बटण दाबतो आणि परत जातो. दुसरा बॉम्ब, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो अलार्मच बंद करून टाकतो.

ही तिसरी वेळ म्हणजे माझ्या कामाचा खरा विषय. उभ्या गाडीला कुणी हात लावला तर दूर असलेल्या मालकाला कळावं, यासाठीची उपकरणं पुण्यात बनवणं आणि बसवणं हा माझा व्यवसाय. चोर ओळखणं अवघड असेल, असं लोकांना वाटतं. ते आहेच. पण मालकाचा त्या इशाऱ्यावरचा विश्वास महिनोन् महिने टिकवणं त्याहून अवघड आहे. चोरांना हे फार आधी कळलं. गाडीला लाथ मारायची आणि आडोशाला थांबायचं. मालक येतो, बघतो, जातो. अर्ध्या तासानं पुन्हा लाथ. चौथ्या खेपेला मालक वैतागून अलार्म बंद करतो आणि पुढचं काम निवांत होतं.

सायरन शेजाऱ्यांसाठी वाजतो, आणि शेजारी आता उठत नाहीत. अमेरिकेत २०२१-२२ मध्ये किया आणि ह्युंदाईच्या, इमोबिलायझर (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय) नसलेल्या गाड्या यूएसबी केबलच्या टोकानं सुरू करून पळवण्याची लाट आली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्यानं सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी नवं सॉफ्टवेअर येत असल्याचं जाहीर केलं. किल्ली असल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही, ही त्यातली मुख्य दुरुस्ती. दुसरी म्हणजे अलार्म ३० सेकंदांऐवजी एक मिनिट वाजणार. पहिली दुरुस्ती मोलाची. दुसरीतून काय साधणार, ते मला समजलेलं नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात ज्यानं डोकावून पाहिलं नाही, तो पुढच्या अर्ध्या मिनिटात कशाला पाहील? हाक मारायची तर ज्याची गाडी आहे त्यालाच मारायला हवी.

ही हाक सुरू होते तांदळाच्या दाण्याएवढ्या एका चिपपासून. तिला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तोललेला असतो. गाडी हलली की तो सरकतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्या फरकाचा विजेचा संकेत होतो. गाडी अगदी स्थिर असतानाही हा तुकडा काहीतरी सांगत असतो, कारण गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतच असतं. त्यामुळे ‘खाली’ कुठे आहे हे चिपला कायम ठाऊक असतं. गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाएवढा फरकही ती टिपते.

दुचाकीच्या बाबतीत ही गोष्ट फारच कामाची. साइड स्टँडवर लावलेली मोटरसायकल साधारण दहा अंश कललेली असते. चोर हँडल लॉक पायानं झटका देऊन तोडो, वायरी जोडो नाहीतर गाडी नुसती ढकलत नेवो, एक गोष्ट त्याला करावीच लागते. गाडी सरळ उभी करावी लागते. या दहा अंशांत आडव्या दिशेचा आकडा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.१७ पटीनं बदलतो, म्हणजे चिपला जाणवणाऱ्या किमान फरकाच्या कितीतरी पट. शिवाय तो बदल टिकून राहतो. सुतळी बॉम्बचा हादरा क्षणात विरतो, सीटवर उडी मारणारं मांजर एक धक्का देऊन गप्प होतं, पण सरळ झालेली गाडी सरळच राहते. टोइंगच्या गाडीनं उचललेल्या कारचंही तसंच. चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास असेल आणि पुढची बाजू ३० सेंटिमीटर उचलली, तर जवळजवळ सात अंशांचा कल येतो. (वाहतूक पोलिसांनी गाडी उचलली तरी हाच इशारा जातो. नो पार्किंगमधली गाडी वाचवायला धावत आलेले मालक बरेच आहेत. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही.)

खरी कसोटी लागते ती रोजच्या निरुपद्रवी हालचालींत. पहाटे साडेपाचला गाड्या पुसणारा मुलगा येतो, वायपर उचलतो, दारं घासतो. पेपरवाला बॉनेटवर पेपरांचा गठ्ठा ठेवून मोजदाद करतो. रेल्वे लाइनजवळच्या सोसायटीत प्रत्येक मालगाडीबरोबर जमीन थरथरते आणि विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशा पथकापुढे कोणताही हादऱ्याचा सेन्सर टिकत नाही. यातलं प्रत्येक हलणं मालकाला कळवत बसलं, तर आठवड्याभरात तो ॲप काढून टाकतो. म्हणून आम्ही हादऱ्याला एकट्याला फारशी किंमत देत नाही. हादरा आणि कल, हादरा आणि दार उघडणं, हादरा आणि बॅटरीची वायर तुटणं, अशी जोडी जुळली की मगच मालकाला उठवायचं.

या शहाणपणाला एका चोरीनं तडा दिला.

२०२० नंतर पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, अहमदाबाद अशा शहरांतून मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. चोरांना हवी असते त्या नळीत बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली ‘माती’. मधमाशांच्या पोळ्यासारख्या चिनी मातीच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता. ईको जमिनीपासून बऱ्यापैकी उंच. जॅक लावायची गरज नाही, माणूस पाना घेऊन सरळ खाली सरकतो. गाडी कलत नाही, दार उघडत नाही, वायर तुटत नाही. मालकाला कळतं ते सकाळी सेल मारल्यावर, जेव्हा इंजिन ट्रॅक्टरसारखं गर्जतं.

अशा वेळी सेन्सरपर्यंत येतात ते गंजलेल्या नटावर पाना बसल्याचे आणि निसटल्याचे बारीक टकटक ठोके. एकेक ठोका मांजराच्या उडीपेक्षाही हलका, पण ते दोन-तीन मिनिटं थांबून थांबून येत राहतात. मांजर असं करत नाही. आम्ही ठोक्याची ताकद मोजणं सोडून ठरावीक वेळातले ठोके मोजायला लागलो आणि उपकरणाची डबी डॅशबोर्डखालून काढून मागच्या सीटखाली, गाडीच्या पत्र्याला घट्ट आवळून बसवायला लागलो. फोमच्या चिकटपट्टीवर लावलेली डबी असले ठोके गिळून टाकते. कितीतरी महागडी उपकरणं एवढ्या एका कारणानं बहिरी होतात.

छेडछाड ही पुष्कळदा चोरीची रंगीत तालीम असते. लंडनमध्ये इयन टेबर या वाहनांच्या सायबर सुरक्षेतल्या संशोधकाला स्वतःच्याच गाडीवरून याचा अनुभव आला. एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या टोयोटा आरएव्ही४ चा बंपर ओढलेला आणि हेडलाइटची वायर उपटलेली दिसली. उगाच केलेली नासधूस असावी, असं त्यांना वाटलं. जुलैमध्ये पुन्हा तेच झालं आणि पाठोपाठ गाडीच गेली. नंतर केन टिंडेल या तज्ज्ञानं टेबर यांच्यासोबत याचा छडा लावला. हेडलाइटच्या वायरी गाडीच्या आतल्या संदेशवाहिनीला जोडलेल्या असतात. ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेलं उपकरण तिथे जोडून चोर ‘किल्ली ओळखली’ असा खोटा संदेश आत सोडतात. या कथेतला मला सर्वांत बोचणारा भाग वेगळाच आहे. हेडलाइटशी संपर्क तुटल्याच्या नोंदी गाडीनं केल्या होत्या आणि कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवल्याही होत्या. पुढे शोध लागला तो त्याच नोंदींवरून. गाडी बोलली होती, पण त्या रात्री मालकाला कुणी उठवलं नाही.

असं असेल तर गाडीनं सतत बोलत राहावं, असं कुणीही म्हणेल. अडचण बॅटरीची आहे. स्कूटरची बॅटरी असते चार-पाच अँपिअर-तासांची. उपकरण अखंड जागं ठेवलं आणि त्यानं २० मिलिअँपिअर जरी ओढले, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास जातो. गणपतीला कोकणात गेलेला माणूस दहा दिवसांनी परतला की बॅटरी उतरलेली, आणि बऱ्याच नव्या गाड्यांना किकही नसते. त्याचा राग चोरावर निघत नाही, आमच्यावर निघतो, आणि तो बरोबरच आहे. म्हणून सगळं झोपवायचं. जीपीएस बंद, मोडेम बंद, फक्त ती चिप काही मायक्रोअँपिअरवर राखण करत बसते आणि संशय आला की बाकीच्यांना उठवते. मोडेम नेटवर्क शोधून संदेश धाडेपर्यंत काही सेकंद जातात. त्या सेकंदांसाठी आमची सगळी झटापट चालते.

उपकरणातलं सिम आपल्या मोबाइलसारखंच, पण यंत्रांसाठीच्या सिमचा नंबर २०१८ पासून १३ आकडी झाला. रेंजचं दुखणं मात्र तेच. दोन-तीन मजली तळघरातल्या पार्किंगमध्ये संदेश पोचत नाही. काही टोळ्या तर जॅमर वापरतात. आपल्याकडे परवानगीशिवाय जॅमर बाळगणं बेकायदा आहे, पण चोराला त्याचं काय! यावर उपाय एकच. गाडीनं ठरावीक वेळानं ‘मी आहे’ एवढंच सर्व्हरला सांगायचं, आणि ती हजेरी चुकली की सर्व्हरनं मालकाला कळवायचं. रोज रात्री तळघरात जाणाऱ्या गाडीचं गप्प होणं सर्व्हरला आधी शिकवावं लागतं, नाहीतर पुन्हा खोटे इशारे.

आता शेवटचा टप्पा, आणि बहुतेक इशारे मरतात ते इथेच. सर्व्हरचा संदेश फोनवर पोचतो. रात्रीचे पावणेतीन, फोन सायलेंटवर, त्यावर लग्नाच्या ग्रुपवरचे चाळीस फोटो आणि दोन बँकांच्या जाहिराती, त्यांच्याखाली ‘आपल्या वाहनात हालचाल आढळली’. कित्येक फोन तर बॅटरी वाचवण्यासाठी रात्री असली ॲप परस्पर बंदच करतात. माझ्या एका ग्राहकाची मोटरसायकल अशीच गेली. इशारा गेला होता, वेळेत गेला होता, त्यांनी तो सकाळी सव्वासातला दात घासताना वाचला. मी त्यांना नोंद दाखवू शकत होते की आमच्या बाजूनं चूक नाही. दाखवली नाही. झोपलेल्या माणसाला जो उठवत नाही, त्याला इशारा म्हणायचा कशाला?

तेव्हापासून आम्ही साध्या हालचालीला नोटिफिकेशन आणि पक्क्या संशयाला सरळ फोन, असं वेगळं केलं. फोनही एकदा नाही, लागोपाठ दोनदा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेल्या फोनमध्ये त्याच नंबरवरून लगेच आलेला दुसरा कॉल आत सोडण्याची सोय असते. आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत. नातेवाईकांच्या अडीनडीसाठी केलेली ही सोय गाडीच्याही उपयोगी पडते. फोन उचलला की मराठीत, स्पष्ट, एकच वाक्य: कोणती गाडी आणि काय झालं. डोळे चोळणाऱ्या माणसाला त्यापुढचं ऐकू येत नाही.

पुष्कळ जण विचारतात, ‘मॅडम, मोबाइलवरून इंजिन बंद करता येईल ना?’ येतं. पण चालत्या गाडीचं इंजिन मी कधीही तोडू देत नाही. घाटात, हायवेवर, मागून ट्रक येत असताना गाडी बंद पडली तर मरणारा माणूस चोरच असेल, असं कोण सांगणार? आमच्या उपकरणातला रिले, म्हणजे इंजिनची वीज तोडणारा स्विच, फक्त उभी गाडी पुन्हा सुरू होऊ देत नाही, आणि जो कुणी यापेक्षा जास्त देतो म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. विम्याचं विचाराल तर, एआरएआय या पुण्यातल्याच संस्थेनं मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण असल्यास प्रीमियमच्या एका भागावर अडीच टक्के सूट मिळत आली आहे, तीही कमाल ५०० रुपये. त्या सुटीसाठी कुणी हे बसवू नये.

बसवून झालं की मालकाला मी रस्त्यापलीकडे उभं करते, फोन सायलेंट करायला सांगते आणि त्याच्या देखत गाडी स्टँडवरून सरळ करते. फोन वाजेपर्यंत आम्ही दोघंही सेकंद मोजतो. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एका काकांनी हे तीन वेळा करून घेतलं होतं. त्यांचे दोन सायलेन्सर गेले होते. एकदा परीक्षेच्या दिवशी गेला आणि मुलांना रिक्षांनी पोचवावं लागलं.

त्यानंतर काही महिन्यांनी रात्री त्यांना फोन आला. मी सांगून ठेवलं होतं तसे ते एकटे खाली धावले नाहीत. चौथ्या मजल्यावरून सगळे दिवे लावले, मोठ्यानं ओरडले आणि ११२ ला फोन केला. व्हॅनखालून दोघं निघून पळाले. सकाळी पाहिलं तर सायलेन्सरच्या जोडाचे दोन नट अर्धे सुटलेले, तिसरा जागच्या जागी. पाना तिथेच पडला होता, तो त्यांनी चौकीत दिला. नट आवळून सहा चाळीसची फेरी वेळेवर केली आणि अकराच्या सुमाराला माझ्याकडे आले. पेढे आणले असतील असं वाटलं होतं, पण ते काम घेऊन आले होते. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंचा नंबर इशाऱ्याचे फोन जाणाऱ्या यादीत दुसरा टाकायचा होता. काकूंना झोप कमी, आणि त्यांची खिडकी व्हॅनपासून पाच पावलांवर.