निळी झिलई

माणसाला चकाकीचे भारी वेड! दिवाळी जवळ आली की समईला चिंच लागते, तांब्याला राख लागते, आणि जे चकाकते तेच स्वच्छ अशी आपण स्वतःची समजूत घालून घेतो. पण काही वस्तूंची शोभा न चकाकण्यातच असते. शिकारीची रायफल त्यांतलीच. चकाकणारी नळी रानात कवडसा पाडते आणि जनावर सावध होते. तिच्या पोलादाला हवी काळसर, खोल, निळी झिलई. सावलीत बसलेल्या मोराच्या मानेसारखी.

आमच्या घरी अशी एक रायफल आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, .३१५ बोअरची. आप्पांनी ती १९७० साली घेतली. दोनच वर्षांनी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि आप्पांची शिकार संपली. रायफल मात्र राहिली. खंडेनवमीला ती बाहेर निघे. आप्पा तिला तेलाच्या फडक्याने पुसत, झेंडूचे फूल वाहत आणि परत कपाटात ठेवत. त्यांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर झाला, तोवर कोकणच्या दमट हवेने नळीवर तांबडे ठिपके उठवले होते.

"जी उडवायची नाही, तिला नटवायची कशाला?" घरातून रोकडा सवाल आला.

"आजीचा शालू तरी कोण नेसतं?" मी म्हणालो. "पण कसर लागू देतो का आपण त्याला?"

परवाना असलेला एक म्हातारा कारागीर मला भेटला. त्याने जे सांगितले ते ऐकून व्याकरण शिकवणारा मी थक्कच झालो. कारखान्यात असे भाग कॉस्टिक सोडा आणि क्षारांच्या सुमारे १४० अंशांवर उकळणाऱ्या द्रावणात बुडवतात. काही मिनिटांत काम होते. जुन्या रीतीत मात्र लोखंडाला मुद्दाम गंज चढवायचा! नळी घासायची, तेलाचा अंशही राहू द्यायचा नाही, औषध फिरवून दमट जागी ठेवायची. तांबडा गंज धरला की ती पाण्यात उकळायची. तांबड्याचे काळे होते. वर सुटलेली मखमल बारीक तारेने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे सहा-सात वेळा. ज्या गंजाने लोखंड खाल्ले असते, त्यालाच उकळून राखणीला बसवायचे!

"पण सर, ही झिलई एकटी काही राखत नाही," तो म्हणाला. "ती तेल धरून ठेवते. राखतं ते तेल."

आमच्या स्वयंपाकघरातल्या बिडाच्या तव्याचे शास्त्रही याहून फार वेगळे नसावे.

खरी मेहनत घासण्याची. झिलई काहीच झाकत नाही. खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो. म्हणून पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून लांबीच्या दिशेने चालवायचा. फिरत्या चाकावर घाई केली की कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरे पुसट होतात. रायफलीचा क्रमांक पुसणे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हाच.

बोलता बोलता त्याने रायफल उलटी केली. मॅगझिनच्या पुढच्या कडांवर झिलई साफ उडून पोलाद रुपेरी झाले होते. "हात इथे धरायचे. हेही नवं करून देतो."

मी थबकलो. रानातल्या त्या दोन वर्षांची आणि पुढच्या सगळ्या खंडेनवम्यांची एवढीच नोंद उरली होती. क्रमांकाला कायद्याचे संरक्षण आहे; हाताच्या खुणेला कोणाचे? नवी झिलई चढवायची तर आधी जुने सारे घासून काढावे लागते. लोखंडाला एकाच वेळी नवे होणे आणि आठवणे जमत नाही.

"मॅगझिन वेगळं निघतं ना? तेवढं तसंच राहू दे," मी म्हणालो.

त्याने कारण विचारले नाही. तीन आठवड्यांनी रायफल घरी आली. नळी अशी काळीनिळी की बोट लावायला संकोच वाटावा, आणि तिच्याखाली तो उघडा रुपेरी तुकडा. तेवढ्या जागेला तेल थोडे अधिक लागते.

यंदा खंडेनवमीला मी ती उचलली, तेव्हा मुठीखाली तोच तुकडा आला. मुद्दाम नव्हे. तिच्या वजनाचा तोलच तिथे आहे. कोणीही उचलली तरी हात तिथेच जायचा.