पोरांचे पेपर तपासताना

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आला की आमच्या भागातील काही शाळा पोरांची छोटीशी परीक्षा घेतात. शेतीचा माणूस म्हणून चार प्रश्न काढायचे आणि पेपर तपासायचे काम बहुधा माझ्याकडे येते. मी कृषी विस्तार अधिकारी. दिवसभर अर्ज आणि अहवाल वाचून कंटाळलेल्या माणसाला हे पेपर म्हणजे मेजवानीच!

वनस्पती रात्री काय करतात, असे विचारले होते. श्वसन करतात, हे उत्तर हवे. एका पठ्ठ्याने लिहिले, ‘वनस्पती रात्री पाणी पितात, कारण लाईट रात्रीच येते.’ बापाबरोबर ओलिताला जाणारे पोर दिसते. बोंडअळीच्या चार अवस्था विचारल्या, तर अंडी, अळी, कोष, पतंग यांऐवजी उत्तर आले, ‘अंडी, अळी, फवारा, पुन्हा अळी.’ आता याला चूक कोण म्हणेल? गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हा एकीला आजार वाटला. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, हे पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते, तर तिला काय बोलावे!

शरीराचा सर्वांत मोठा अवयव कोणता? ‘पोट. कारण सगळे त्याच्यासाठीच राबतात.’ गुरुजींनी हसून शून्य दिले. बरोबर उत्तर त्वचा. हा प्रश्न मी दरवर्षी मुद्दाम घालतो, कारण विष फक्त तोंडावाटेच अंगात जाते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यांनी काही विष प्यायले नव्हते. पराटी त्या साली डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर धरावा लागे आणि तोच अंगावर उतरे. बॅटरीच्या पंपाचा बारीक तुषार नाकातोंडात जाई. कित्येकांनी दोन-तीन औषधे एकात मिसळली होती. घामेजल्या कातडीवर भिजलेला सदरा दिवसभर तसाच!

‘औषध’ म्हटले, पाहा. औषध आणि विष यांत फरक काय, या प्रश्नाला सातवीतल्या एकाने लिहिले, ‘औषध पराटीला देतात, विष उंदराला.’ हा शब्द आम्ही खात्याच्या माणसांनीही सभांतून इतका वापरला, की पोरांनी तो खराच मानला.

सगळ्यांत जास्त हशा पिकला तो लाल त्रिकोणावर. औषधाच्या बाटलीवर लाल त्रिकोण असेल तर काय समजावे? उत्तर : ‘कुटुंब नियोजन. दोन मुले पुरेत.’ गुरुजी डोळ्यांतले पाणी पुसू लागले. मलाही हसू आले, पण पोराचे काय चुकले? लाल त्रिकोण त्याने दवाखान्याच्या भिंतीवर पाहिला होता. बाटलीवरचा त्याला कोणी दाखवला नव्हता. लेबलावर चौकोन कोनावर उभा केलेला असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. अक्षरे मुंगीएवढी असतात, चाळिशी लागलेल्या बापाला ती दिसत नाहीत. पोरांचे डोळे मात्र चांगले असतात. फवारणीच्या आदल्या रात्री लेबल त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

विषबाधा झाल्यास प्रथम काय कराल? ‘प्रथम रडू, मग काकाची मोटारसायकल आणू.’ मोटारसायकलीचे गुण मी दिले. रडण्याच्या जागी भिजलेले कपडे उतरवून साबणाने अंग धुणे आणि बाटली डॉक्टरला दाखवायला सोबत घेणे लिहिले असते, तर पैकीच्या पैकी!

एका उत्तराला मात्र कोणी हसले नाही. रिकाम्या डब्याचे काय करावे? एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘स्वच्छ धुऊन आजी त्यात मीठ ठेवते.’

संध्याकाळी गुरुजी आणि मी त्या घरी गेलो. आजीने डबा अभिमानाने पुढे केला. ‘मजबूत हाय जी साहेब, झाकन कसं घट्ट बसते. मुंगी जात नाही.’ मुंगी का जात नसेल, ते मी सांगितले. तेव्हा तिने मीठ उकिरड्यावर टाकले, डबा गुरुजींच्या हाती दिला आणि आम्ही खिळ्याने त्याला भोके पाडली. ती म्हणाली, ‘आता मिठाले दुसरा डबा कोन देईन?’

हा प्रश्न आमच्या पेपरात नव्हता. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी घरची चिनी मातीची बरणी पाठवून दिली.