आज गरम

अंबरनाथ स्टेशनाचा पूर्वेकडचा जिना उतरताना पूर्वी शेवटच्या चार पायऱ्यांवरच सांबाराचा वास यायचा. सतरा वर्षांनी ती तोच जिना उतरली, पायांच्या सवयीने वळली आणि मोबाइलच्या दुकानाच्या काचेसमोर येऊन थांबली. आत कव्हरं, चार्जर आणि हेडफोन रंगवार टांगलेले होते. ‘ग्लास लावायची का, मॅडम?’ दुकानातल्या मुलाने विचारलं. ती नको म्हणाली, तरी तिथेच उभी राहिली. दुकानाची रुंदी तिने डोळ्यांनी मोजून पाहिली. गल्ला, त्याच्यामागे संगमरवरी टेबलांची एक रांग, भिंतीलगत लाकडी बाकं, कोपऱ्यात हात धुण्याचं बेसिन आणि त्यावरचा पारा उडालेला आरसा, एवढं सगळं या जागेत बसत होतं यावर तिचा विश्वास बसेना.

ती आली होती सहीसाठी. कानसई सेक्शनातली त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला जाणार होती. वडिलांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून कागदांवर सही करायला लेक आली. घर पडणार हे तिने मनाशी स्वीकारलं होतं. त्याची पत्रं आली, सभा झाल्या, नकाशे पाहून झाले. जिन्याखालचं ते उडुपी हॉटेल गेल्याचं मात्र कुणीच कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण, आणि कुठल्या नात्याने?

या गावात गेलेल्या गोष्टींची नावं सहसा जात नाहीत. पश्चिमेला रिक्षावाले ‘विम्को, विम्को’ म्हणून ओरडतात. त्या नाक्याला नाव देणारी वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्वीडिश लोकांनी १९२३मध्ये काढली होती. जहाजाचं चित्र असलेली तिची ‘शिप’ काडेपेटी एकेकाळी देशभर घराघरांत चूल पेटवायची. इथल्या कारखान्यातल्या काड्या कधीच विझल्या, नाका मात्र विम्कोच राहिला. पूर्वेला काकोळे गावाजवळ वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी रेल्वेने बांधलेला तलाव आहे. जुने लोक त्याला अजून जीआयपी टँक म्हणतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नावाने उरली नाही त्याला किती वर्षं झाली! ५ नोव्हेंबर १९५१ला तिची मध्य रेल्वे झाली. इंजिनंही गेली, पण तलाव आजही त्यांच्याच मालकिणीच्या नावावर आहे. बी केबिन रोडवर राहणाऱ्या किती मुलांना ती केबिन कसली हे सांगता येईल? पत्ता मात्र ती बिनचूक सांगतात.

खुद्द गावानेही एकदा हे अनुभवलं आहे. १९८३मध्ये कल्याण महापालिका झाली, तेव्हा अंबरनाथ तिच्यात गेलं. नगरपालिका पुन्हा वेगळी झाली ती १९९२मध्ये. मधल्या नऊ वर्षांत कागदोपत्री इथला माणूस कल्याणकर होता. लोकलमध्ये शेजाऱ्याने विचारलं, तर तो उत्तर द्यायचा, ‘अंबरनाथ.’

नाक्याला, तलावाला, केबिनीला हे भाग्य मिळालं. हॉटेलाला मिळालं नाही, कारण त्याला नावाने कुणी हाक मारलीच नव्हती. पाटी होती, पण ती कडाप्प्याच्या पायरीवरून इतकी उंच होती की वर बघायला सवड असलेला माणूस तिथे येतच नसे. सगळे ‘स्टेशनसमोरचं’ म्हणत. ‘स्टेशनसमोरच्यात बसलोय’ म्हटलं की पुरे. स्टेशनासमोर दुसरं काही उभं राहिलं, त्या दिवशी ते शब्दही दुसऱ्याचे झाले.

उडुपी हॉटेलांचा इतिहास सांगणारे मुंबईवर थांबतात. माटुंग्यात ए. रामा नायक यांनी १९४२मध्ये श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं, केळीच्या पानावरच्या जेवणासाठी ते आजही नावाजलेलं आहे. दक्षिण कॅनरातून आलेली पोरं दिवसा टेबलं पुसायची, रात्रशाळेत शिकायची आणि पुढे स्वतःचं हॉटेल टाकायची. पण माटुंग्यात जागा संपली, तेव्हा यातली कितीतरी माणसं लोकलच्या रुळांबरोबर उत्तरेला आणि पूर्वेला सरकत गेली. ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि पुढे. जिथे नवा कारखाना, जिथे नव्या चाळी, तिथे सकाळी साडेपाचला शटर वर करणारा कुणी शेट्टी किंवा कुणी भट आधीच पोचलेला असायचा. ओव्या आणि पोवाडे या माणसांच्या वाट्याला आले नाहीत. तरी पहिल्या पाळीच्या पोटात गरम इडली त्यांनीच घातली.

तिचे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. चटणी चाखून ते निकाल द्यायचे, ‘माटुंग्याची चव आहे.’ गल्ल्यावरचे अण्णा मान किंचित झुकवून हा दाखला स्वीकारायचे. महिन्यातून एकदा, पगार झाल्यावरच्या रविवारी, घरातले चौघं तिथे जायचे. दोन मसाला डोसे चौघांत. उठताना वेटर आतूनच ओरडायचा, ‘चार आदमी, साडेनऊ रुपया!’ आपल्या घराची अशी जाहीर मोजणी झालेली तिला फार आवडायची.

आणि फळा. दाराशी खुर्चीवर टेकवून ठेवलेला काळा फळा. वर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचं लिहिलेलं, ‘आज गरम’. त्याखाली रोज खडूने पदार्थ. ते लिहायचं काम होतं पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाकडे. गावाहून येताना त्याला फक्त कन्नड अक्षरं येत होती. देवनागरी तो या फळ्यावरच शिकला. ‘साबुदाणा खिचडी’ तो ‘सांबूदाना किचडी’ लिहायचा. ती तेव्हा तिसरीत होती, शुद्धलेखनात पहिली. एकदा शाळेतून येताना तिने थांबून त्याच्या हातातला खडू घेतला आणि ‘ण’ काढून दाखवला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘ण’ होता. त्याने तो ‘चटणी’बरोबर ‘पाणी’तही घातला होता, पण उत्साहाच्या भरात ‘णारळ’ असंही लिहिलं होतं. पुढे वर्षभर हा वर्ग चालला. तिने त्याला ‘ळ’ दिला, त्याने तिला बटाट्याची भाजी न घातलेला कुरकुरीत डोशाचा तुकडा. एका गणपतीला तो गावी गेला आणि परत आला नाही. नंतर फळ्यावर दुसऱ्याचं अक्षर दिसायला लागलं.

मुंबईने आपल्या गेलेल्या जागांसाठी बरंच रडून घेतलं आहे. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवर कॅफे ३१ मार्च २०१५ला बंद झालं, तेव्हा निरोप द्यायला रांग लागली. १९६४पासून तिथे बसलेल्या चित्रकारांच्या आणि कवींच्या आठवणी छापून आल्या. पुढच्या वर्षी काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान मिटलं, त्यावरही पानंच्या पानं भरली. ते योग्यच झालं. पण कल्याणच्या पुढे उतरणाऱ्या माणसाचीही एक जागा असते. दीड तास उभ्याने प्रवास करून आल्यावर घरी जाण्याआधी दहा मिनिटं तो जिथे नुसता बसतो, ती जागा. तिथे कविता झाल्या नसतील. तिथे पोरीच्या लग्नाचा खर्च काडेपेटीच्या पाठीवर मांडला गेला, संपाच्या दिवसांत एका चहात दोघांनी तास काढला. असं हॉटेल बंद होतं तेव्हा कोपऱ्यात चार ओळींची बातमीही येत नाही. हे तिला आज, त्या मोबाइलच्या दुकानासमोर उभं असताना, फार लागलं.

ही हॉटेलं का गेली याची कारणं तशी साधी आहेत. मालकांची मुलं शिकली आणि त्यांना गल्ल्यावर बसायचं नव्हतं. गावाकडून पोऱ्ये येईनासे झाले. काहींनी परमिट रूम काढली, मग कुटुंबं यायची थांबली. स्टेशनाजवळच्या जागेचा भाव इतका चढला की चहा विकून भागेना. एका हॉटेलाच्या जागेत तीन गाळे पडतात आणि तिन्हींचं भाडं येतं. कुणी वाईट वागलं असं नाही. ज्याने विकलं त्याचं भलं झालं असेल, व्हावंच. तरी दहा मिनिटं बसायची जागा गेली, हे खरं.

सहीचं काम उरकून ती शिवमंदिराकडे गेली, कारण अंबरनाथला येऊन मंदिरात गेली नाही असं वडिलांना सांगण्याची सोय नव्हती. देवळातल्या शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांचं हे देऊळ साडेनऊशेहून अधिक वर्षं उभं आहे. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली गेलं की दगडाचा गारवा अंगाशी येतो, तो तसाच आला. बाहेर वालधुनी नदीला मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याचा वास होता. वडिलांच्या लहानपणी तिच्यात पोहत असत म्हणे. मंदिर सांभाळायला सरकारी फलक आहे, कायदा आहे. नदीसाठीही कायदे आहेत. तिथून निघताना तिच्या मनात मंदिर नव्हतं, नदीही नव्हती. होती पावसाळ्यातली एक संध्याकाळ.

दुपारपासून कोसळत होता. साडेसहाला आई तिला घेऊन स्टेशनावर गेली, वडील छत्री विसरले होते म्हणून. गाड्या बंद असल्याचं तिथे कळलं. लाईटही गेली. स्टेशनात उभं राहायला जागा नव्हती, तेव्हा दोघी हॉटेलात येऊन बसल्या. हळूहळू तिथे सगळेच बसले. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाची व्हीटीला टेलिफोन ऑपरेटर असलेली सून. अण्णांनी गॅसबत्ती पेटवून गल्ल्यावर ठेवली. नेहमी नऊला खाली येणारं शटर त्या दिवशी आलंच नाही.

आठच्या सुमाराला रुळांवरून चालत आलेला पहिला माणूस दारात उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, चपला हातात. सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. कुठून आलात? गाडी कुठे आहे? तो एवढंच म्हणाला, ‘कल्याणला उभी आहे.’ पुढच्या माणसालाही तेच प्रश्न, त्याच्या पुढच्यालाही. तेव्हा अण्णा फळ्याकडे बोट दाखवून मुलाला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. त्याने इडली पुसली, वडा पुसला, उपमा पुसला. आणि ‘आज गरम’च्या खाली लिहिलं, ‘कल्याण गाडी उभी’.

मग येणारा प्रत्येक जण त्याला बातमी देऊ लागला. विठ्ठलवाडीला रुळांवर पाणी. उल्हासनगर प्लॅटफॉर्मवर लोक बसलेत. एक बाई पत्रीपुलापासून चालत येते आहे. तो लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. अडला की बाकावर बसलेल्या तिच्याकडे बघायचा. ‘ठ’ला पोट कुठे, ‘ल्हा’ कसा जोडायचा, हे ती हवेत बोट फिरवून दाखवायची. माणसं दारातून आत येताना आधी फळा वाचायची, मग चहा घ्यायची. आल्याआल्या पैसे काढायला गेलेल्यांना अण्णा हातानेच थांबवत होते.

वडील आले तेव्हा दहा वाजून गेले होते. डबा छातीशी धरलेला, चष्म्यावर पाणी. आईने काही न बोलता पदराने चष्मा पुसून दिला. चष्मा लावून त्यांनी आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग गॅसबत्तीच्या उजेडात फळा वाचला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. आज गरम. कल्याण गाडी उभी. विठ्ठलवाडी पाणी. उल्हासनगर पाणी कमी.

‘आणि गरम काय आहे?’ त्यांनी विचारलं.

मुलाने हाताच्या पंजाने सगळा फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘चहा’.