क्रॅकोतली रिकामी खुर्ची

पोलंडला चाललेय म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न आला, ‘तिथे काय आहे?’ दुसरा, ‘ऑश्विट्झ बघणार का?’ दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. नाही! वर्षभर डेडलाइन्समागे धावल्यावर चार दिवसांची सुट्टी मिळालेली. खायचं, भटकायचं, लोळायचं. सुट्टीत रडायला कोण जातं? मैत्रिणीला मात्र जायचंच होतं. विमानात आमचं यावरून वाजलं आणि ‘बघू तिथे गेल्यावर’ या खास आपल्या तोडग्यावर मिटलं.

पहिल्याच संध्याकाळी क्रॅकोने माझी बाजू घेतली. जुन्या शहराच्या मधोमध रिनेक ग्वुव्‌नी हा चौक. चौक कसला, मैदानच! १२५७ साली आखलेला, एकेक बाजू साधारण २०० मीटरची. मध्ये सुकिएन्नित्से म्हणजे जुना कापडबाजार, तिथे आता अँबरचे पिवळेधमक दागिने मिळतात. कोपऱ्यात सेंट मेरीचं चर्च. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला ट्रम्पेट वाजतो, चारही दिशांना एकेकदा, आणि दर वेळी धून मध्येच तुटते. तातारांची धाड आली तेव्हा इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून म्हणे. दंतकथाच ती, पण वाजवणारा खराखुरा, अग्निशमन दलातला जवान. आणि रात्रीसुद्धा सुट्टी नाही बरं का! हॉटेल चौकाजवळ घेतलंत तर याची तयारी ठेवा.

आता खाण्याचं. रस्तोरस्ती गाड्यांवर ऑब्वाझानेक मिळतो. पीळ दिलेलं पिठाचं कडं, आधी उकळत्या पाण्यात, मग भट्टीत, वर तीळ, खसखस किंवा जाडं मीठ. आपल्या कडबोळ्याचा थोरला भाऊ, पण आतून पावासारखा मऊ. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या. त्यातल्या ‘रुस्किए’ मागवा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं. शाकाहाऱ्यांनी वरचे कुरकुरीत तुकडे कांद्याचेच आहेत ना, हे विचारून घ्यावं. डुकराच्या चरबीचेही असू शकतात. हे सगळं खायला बेस्ट जागा ‘बार म्लेच्नी’. शब्दशः दुधाचा बार, प्रत्यक्षात सरकारी अनुदानावरची स्वस्त खानावळ, कम्युनिस्ट काळातली आठवण. पैसे आधी भरायचे, ताट आपणच उचलायचं. वाढणाऱ्या बाई हसत-बिसत नाहीत. पुणेकरांना अगदी घरच्यासारखं वाटेल.

दुसऱ्या दिवशी काझिमिएश. एकेकाळची ज्यू वस्ती, आता कॅफे आणि बार. प्लाट्स नोव्हीच्या गोल इमारतीतल्या खिडकीतून झापिएकांका घेतली. हातभर लांब पाव, त्यावर मशरूम, चीज आणि केचपचा मारा. ती खात खात विस्तुला नदीवरचा पादचारी पूल ओलांडला आणि थोडं चालून एका मोकळ्या चौकात पोचलो. तिथे नुसत्या लोखंडी खुर्च्या. पाय जाम दुखत होते. ट्रॅमच्या स्टॉपपाशी एक खुर्ची होती, टेकले. मैत्रीण उभीच. गाइडबुक वाचत होती.

‘तू कशावर बसलीयस माहितेय?’

मार्च १९४१ मध्ये नाझींनी इथे घेट्टो केलं. जिथे तीनेक हजार माणसं राहायची तिथे पंधराएक हजार ज्यू कोंबले. छावण्यांकडे नेण्यासाठी माणसांना याच चौकात गोळा करत. मार्च १९४३ मध्ये घेट्टो रिकामं केलं, तेव्हा घराघरांतलं सामान इथे पडून राहिलं. टेबलं, कपाटं, खुर्च्या. चौकातल्या औषधाच्या दुकानाचे मालक तादेउश पांकिएविच यांनी ते पाहिलं आणि लिहून ठेवलं. त्याची आठवण म्हणून २००५ मध्ये या सत्तरेक खुर्च्या बसवल्या. स्टॉपपाशी आहेत त्यांच्यावर बसायला बंदी नाही. शेजारी एक आजी पिशवी मांडीवर घेऊन ट्रॅमची वाट बघत बसल्याच होत्या. मी मात्र उठले. हातातली अर्धी झापिएकांका खाववेना आणि टाकवेनाही.

रात्री ऑश्विट्झच्या तिकिटांसाठी लॅपटॉप मी उघडला. क्रॅकोपासून साधारण ६५-७० किलोमीटर. आमच्या उरलेल्या दिवसांचे सगळे स्लॉट्स फुल. चौकात एजंटचा बोर्ड होता, ‘ऑश्विट्झ आणि मिठाची खाण, एका दिवसात, लंचसकट.’ मैत्रीण म्हणाली, ‘लंचसकट नको गं.’ मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला. ती एवढंच बोलली, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग नुसतीच व्हिएलिच्काची मिठाची खाण बघितली. १३५ मीटर खोल, ८०० पायऱ्या, मिठात कोरलेलं अख्खं चर्च, झुंबरांतही मिठाचे स्फटिक. अफाट आहे. मी भिंत चाटूनही बघितली. मैत्रीणही हसली, पण फोटो काढायला विसरली.

तुम्ही जाणार असाल तर ऑश्विट्झचा स्लॉट विमानाच्या तिकिटाबरोबरच बुक करा. आणि जायचं की नाही, हे भांडण घरीच उरका.