जे आधी लागेल ते शेवटी भर

घर बदलायचं नक्की झालं त्या रात्री मी सगळ्यात आधी एक गूगल शीट उघडली. सॉफ्टवेअरवाल्यांना दुसरं काय सुचणार? सामान, कागदपत्रं, खर्च, तारखा असे चार टॅब केले. प्रत्येक ओळीपुढे 'कोण करणार' आणि 'झालं का' असे कॉलम. पुण्याच्या ताईला आणि बाबांना शीट शेअर केली. एकूण ७४ ओळी झाल्या होत्या आणि मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजूला. धसई तुम्ही कदाचित ऐकलं असेल. नोटबंदीनंतर २०१६ च्या डिसेंबरात ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून टीव्हीवर झळकलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलवर मुलं मला 'डिजिटल गाववाला' म्हणून चिडवायची. बाकी गाव होतं तसंच होतं. मातीच्या भिंती, वर कौलं, मागे गोठा, पुढे भाताची खाचरं. मुरबाडला रेल्वे येणार येणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

लॉकडाऊनमध्ये मी घरून काम केलं आणि वाटलं की असंच चालेल. चाललं नाही. कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला यायला सांगितलं, आणि त्याच सुमारास बाबांच्या हृदयात दोन स्टेंट पडले. तपासणीला कल्याण. रात्री छातीत दुखलं तर गाडी शोधण्यापासून सुरुवात. तेव्हा शहापूर तालुक्यात, आसनगाव स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर टू बीएचके घेतला. कसारा लाइन, ठाण्याला उतरून पुढे ट्रान्स-हार्बरने ऐरोली. हप्ता पगाराच्या निम्म्याच्या थोडा खाली. सगळं गणितात बसत होतं.

बसत नव्हती ती आजी. ऐंशीच्या पुढची. ती नाही म्हणाली नाही, एवढंच म्हणाली, "चौकट नेनार ना?"

मला वाटलं फोटोची चौकट. "नेऊ की, सगळे फोटो नेऊ."

"फोटू नाय रे बाला. दाराची."

ही चौकट मी जन्मापासून बघत आलोय. पुढच्या दाराची, सागाची, तेल पिऊन काळी झालेली. तिची गोष्टही थोडीफार माहीत होती. आजी लग्न होऊन आली ती या घरात नाही, बारवीच्या खोऱ्यातल्या घरात. एमआयडीसीने बारवी नदीवर धरण बांधलं, ते १९७२ साली झालं. आज अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदर, सगळीकडे ते पाणी जातं. आजीचं घर त्या पाण्याखाली आहे. पुढे धरणाची उंची वाढवली आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी आणखी वर चढलं, तेव्हा आजीच्या माहेरच्या काही लोकांना दुसऱ्यांदा उठावं लागलं. त्यांच्यातल्या काहींना घरटी एक नोकरी मिळाली. आजीच्या वेळी असलं काही नव्हतं.

ते घर त्यांनी कसं हलवलं हे मात्र मी कधी नीट विचारलं नव्हतं. विचारलं ते शीटमध्ये 'चौकट' अशी ७५ वी ओळ टाकताना.

आजी म्हणाली, आख्खं घर खोलून आनलं व्हतं. कौलं उतरवली, मोजली, बैलगाडीत गवतात रचली. आडं, वासे, तुळया, दारं, खिडक्या, चुलीजवळचा पाटा, सगळं. किती फेऱ्या झाल्या ते तिला आठवत नाही, एक बैल लंगडा झाला तेवढं आठवतं. आजोबांच्या वडिलांनी प्रत्येक लाकडावर छिन्नीने खुणा केल्या होत्या. डाव्या खांबाला दोन घाव, उजव्याला तीन, उंबऱ्याला एक. म्हणजे नव्या जागी जोडताना घोळ नको.

मी टॉर्च लावून बघितलं. तळाशी, रंगाखाली, दोन घाव. पलीकडे तीन. मी त्याच आठवड्यात खोक्यांसाठी ऑनलाइन लेबलं मागवली होती, क्यूआर कोडवाली.

आता तयारीबद्दल थोडं, कारण घर बदलताय म्हटल्यावर मित्र मला हेच विचारतात. तारीख मी २७ एप्रिल २०२५ धरली होती, रविवार म्हणून. पॅकर्सवाल्याने त्या दिवसाचा दरही कमी सांगितला. का कमी ते आजीने कालनिर्णय न बघता सांगितलं: अमावास्या. मी हसलो. दुसऱ्या दिवशी नव्या सोसायटीचा मेसेज आला की रविवारी सामान चढवायला परवानगी नाही. मग आजीची तारीख घेतली, ३० एप्रिल, अक्षय्य तृतीया. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणजे रजा एकच गेली. पॅकर्सवाल्याने गावचा रस्ता गूगल मॅपवर बघून दर जवळजवळ दुप्पट केला, तेव्हा त्याला नमस्कार करून सरळगावचा एक ४०७ टेम्पो ठरवला.

कागदांचं काम मात्र दीड महिना आधी सुरू करा. गॅसचं कनेक्शन बाबांच्या नावावर होतं. भरलेलं सिलिंडर टेम्पोत टाकून न्यायचं नसतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचे, पावती घ्यायची, ती नव्या एजन्सीत दाखवायची. मतदार यादीसाठी फॉर्म ८. आधारचा पत्ता ऑनलाइन बदलतो, पण आजीचा मोबाइल नंबर जोडलेला नसल्याने तिला केंद्रावर न्यावं लागलं आणि तिथे तिचे अंगठे उमटेनात. ऐंशी वर्षं भात लावून, भांडी घासून रेषाच गेल्यात. पाचव्या वेळी उमटले. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून घ्या, उभाच न्या, आणि पोचल्यावर लगेच चालू करू नका. बस, एवढं पुरे.

मुख्य शहाणपण मला शीटमधून नाही, कातकरवाडीतल्या एका दादाकडून मिळालं. तो सामान भरायला आला होता. त्याचं कुटुंब दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं आणि पावसाआधी परत येतं. आमच्या तालुक्यातली, शहापूरची अशी कितीतरी कातकरी घरं वर्षातून दोनदा घर बदलतात. मालकाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला जायचं. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं एका ट्रकमध्ये. शाळेचं वर्ष तिथेच मोडतं. त्या वर्षी तो गेला नव्हता, कारण धाकट्या मुलीची दहावी होती. वाडीतून दहावीला बसणारी ती दुसरीच.

मी त्याला लेबलं दाखवत होतो, हे आधी, मग हे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दादा, जे आधी लागंल ते शेवटी भर."

मी दोन सेकंद गप्प झालो. स्टॅक. लास्ट इन, फर्स्ट आउट. दुसऱ्या सेमिस्टरला शिकलो होतो आणि पहिल्याच खोक्यात चुकलो होतो. चहाची भांडी, चादरी, बाबांच्या गोळ्या हे सगळं मी 'महत्त्वाचं' म्हणून सगळ्यात आधी, टेम्पोच्या तळाशी ठेवायला निघालो होतो.

आता चौकटीकडे येतो. आणि ६१ नंबरच्या ओळीकडे, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

शीट शेअर करण्याआधी मी एक ओळ हाइड केली होती. त्यात लिहिलं होतं: जुनं घर – विकायचं? चुलतभावाला विचार. पुढे एक अंदाजे आकडा. तो आकडा आला तर हप्ता बराच खाली येणार होता. मी कुणाला फसवत नव्हतो, असं मी स्वतःला सांगत होतो. बाबांची तब्येत जरा सावरू दे, मग बोलू.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होते. त्यांनी मोबाइलवर शीट उघडली, बोट वरून खाली नेलं आणि विचारलं, "साठनंतर बासष्ट कसं? एकसष्ट गैरहजर?"

मी म्हणालो, चुकून डिलीट झाली असेल.

"डिलीट झाली तर खालचे नंबर वर सरकतात," ते म्हणाले. आणि चष्मा काढून ठेवला. पुढे काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना कळलं होतं. हेही वाटतं की त्यांच्या डोक्यातही एकसष्ट नंबरची ओळ होतीच.

निघायच्या आदल्या दिवशी सुतार आला. त्याआधी मी चौकट मोजली होती. फ्लॅटच्या कुठल्याच दाराला ती लागणार नव्हती, लिफ्टमध्ये मावत नव्हती, आणि जिन्याने नेली तरी ठेवायची कुठे? मी आजीला म्हणालो, आपण तिचं छान काहीतरी करू, बेडच्या मागे लावू, किंवा आरसा बसवू. मोबाइलवर फोटोही दाखवले. आजीने ते फोटो ज्या नजरेने बघितले ती मी विसरलेलो नाही. चौकटीतून मानसं जातात, ती म्हणाली, आरशातून कोन जानार?

सुताराने भिंत ठोकून बघितली. माती आहे, म्हणाला. चौकट काढली की वरचं ओझं खाली बसणार. टेकू दिला तरी एक पाऊस काढेल, दुसरा नाही.

आजी ओट्यावर बसून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे."

मला सुटल्यासारखं वाटलं. पण तिचं संपलं नव्हतं.

"तवा पानी येत व्हतं म्हनून काढली. घर तसं बी बुडनारच व्हतं. आता काय येतंय?"

तिने हे माझ्याकडे बघत विचारलं. बाबा अंगणात दोरी गुंडाळत होते, त्यांचा हात थांबला. मी खिशातला फोन काढून काहीतरी बघत राहिलो.

सकाळी सहाला टेम्पो लागला. कणगीतला भात गोण्यांत भरला होता, म्हसाच्या जत्रेतून आजोबांनी आणलेली घोंगडी आजीने टेम्पोत टाकू दिली नाही, मांडीवर घेतली. देवांचे टाक आणि पाण्याची कळशी आईच्या हातात. सरळगाव, किन्हवली करत निघालो. शहापूरच्या अलीकडे समृद्धी महामार्ग दिसला, ७०१ किलोमीटरचा, तेव्हा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा उघडायचा होता. तो जूनमध्ये उघडला. ड्रायव्हर सांगत होता की इथल्या कुणाकुणाच्या जमिनी गेल्या, कुणी बंगले बांधले, कुणाचे पैसे दोन वर्षांत संपले. आजी लक्ष देऊन ऐकत होती.

नव्या घरात आधी देव गेले, मग कळशी, मग मीठ आणि तांदूळ. मग गोळ्या, चहाचं भांडं, चादरी. दादाने भरलं होतं त्या क्रमाने सगळं हाताला येत गेलं. टेम्पोवाल्याला यूपीआयने पैसे दिले, दादाला रोख, कारण त्याने रोखच मागितले.

तिसऱ्या दिवशी सोसायटीत टँकर आला. आजी खिडकीत उभी राहून बघत होती. तिने विचारलं, हिथं धरन नाय का? मी म्हणालो, आहे की. भातसा याच तालुक्यात, तानसा, मोडकसागरही. ती पाणी मुंबईला देतात. शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. आजी हसली. बरेच दिवसांनी हसली. म्हणजे हिथं बी तसंच, म्हणाली, आणि बादली भरायला आत गेली.

जुन्या घराची शाकारणी मी मे अखेरीला ठेवली होती. कौलांच्या घराला ती दरवर्षी लागते. सगळी कौलं उचलायची, फुटकी काढायची, पुन्हा रचायची. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो या हिशोबाने माझ्याकडे दोन शनिवार-रविवार होते. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोचला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात लवकर. चुलतभावाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. ओटीवर पाणी, पुढच्या दाराच्या डाव्या बाजूची भिंत वरून खालपर्यंत ओली, आणि पाणी चौकटीवरून, दोन घावांवरून उंबऱ्यावर टपकत होतं.

व्हिडिओ मी आजीला दाखवला नाही. बाबांनी दाखवला.

रविवारी पहाटे बाइक काढली. ताडपत्री आसनगावहूनच घेतली. चुलतभाऊ आणि मी छपरावर चढलो, दादाही आला. त्याच्या मुलीचा निकाल लागला होता, पास झाली होती, आणि आता अकरावीला मुरबाडला कसं पाठवायचं, एसटीचा पास कसा काढायचा हे तो वर कौलं सरकवता सरकवता मला विचारत होता. मी फोनवर बघून सांगत होतो. संध्याकाळपर्यंत निम्मं छप्पर झालं. उरलेल्या निम्म्यावर ताडपत्री टाकून दगड ठेवले.

रात्री परत येऊन शीट उघडली आणि ६१ वी ओळ अनहाइड केली. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण लपवण्यात आता काही राहिलं नव्हतं. बघतो तर त्या ओळीत कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं. मोबाइलवर ओळ अनहाइड कशी करतात हे बाबांना कुणी शिकवलं मला माहीत नाही. आकडा तसाच होता, खोडलेला नव्हता. त्याच्या शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये होतं: कौलं २०० नग, पैसे दिले. शाकारणी पुढच्या वर्षी १० मेच्या आत. 'कोण करणार'खाली माझं नाव.