मुळशीच्या काठी

पौडाचा बाजार मागे टाकून ताम्हिणीकडे निघालेला रस्ता माले गाव ओलांडतो आणि उजव्या हाताला, सह्याद्रीच्या रांगांमध्ये अडवलेले मुळशीचे पाणी एकाएकी दृष्टीस पडते. कार्तिकात हा जलाशय काठोकाठ असतो. पावसाळ्यातील गढूळपणा तळाशी बसलेला असतो, काठावरचे गवत पिवळे पडू लागलेले असते, ऐन-जांभळांच्या सावल्या पाण्यावर दूरवर पसरतात, आणि पलीकडे कैलासगडाचा माथा भर उन्हातही किंचित निळसर भासतो. शनिवारी दुपारी कामाचे जू खांद्यावरून उतरले, की आम्ही काही समवयस्क स्नेही काठ्या, गळ, शिधा आणि एक कंदील एवढे सामान घेऊन या काठी मुक्कामास येतो व रविवारी दिवस कलल्यावर परततो. आमच्यांपैकी एक जण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दुसरे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणारे. आणि तिसरे, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो व ज्यांचा शब्द पाण्याच्या बाबतीत प्रमाण मानतो, ते याच मुळशी पेट्यातील एका विस्थापित घराण्यातले. त्यांच्या आजोबांची भातखाचरे आज या पाण्याखाली आहेत.

गळाने मासा धरण्याची साधने अगदी मोजकी आहेत. बांबूची लवचिक काठी, तिला तंगुसाची दोरी, दोरीवर मोरपिसाच्या देठाचा तरंग, त्याखाली शिशाचा लहानसा तुकडा आणि टोकाला गळ, एवढ्यात सारा सरंजाम संपतो. परंतु या साधनांमागचे ज्ञान मात्र मोजके नव्हे. कटला आणि रोहू यांच्यासाठी शेंगदाण्याची पेंड भाजून कणकेत मळावी लागते; शिंगाळा रात्री तळाशी फिरतो आणि गांडुळाकडे आकृष्ट होतो; मरळ ही शिकारी जात पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून राहते, तिला हालते आमिष हवे; वाम दिवसभर दगडांच्या कपारीत अंग लपवून बसते आणि अंधार पडल्यावाचून बाहेर येत नाही. ज्याला मासा धरावयाचा आहे त्याला त्या माशाची भूक, त्याची वेळ आणि त्याचे वसतिस्थान ही तिन्ही ठाऊक असावी लागतात, आणि हे ज्ञान पाण्याकडे दीर्घकाळ पाहिल्यानेच प्राप्त होते.

म्हणूनच काठावरचा आरंभीचा काळ मी नेहमी आपल्या डोळ्यांच्या शिक्षणाचा काळ समजतो. शहरातून येताना मन आठवडाभराच्या हिशेबांनी, देण्याघेण्यांनी आणि अर्धवट राहिलेल्या बोलण्यांनी इतके भरलेले असते, की समोर तरंग हलला तरी तो वाऱ्याने हलला की माशाने, हे उमगत नाही. हळूहळू ती गजबज ओसरते. मग वाऱ्याने उठलेली लाट आणि पृष्ठाजवळ वळलेल्या माशाने उठवलेली लाट यांतला भेद दिसू लागतो. तळाचा चिखल उकरणाऱ्या मृगळाच्या जागी वर येणारे बुडबुड्यांचे माळेसारखे सर ओळखू येतात. चिलापी आमिषाला नुसते टोचत राहते आणि रोहू ते सावकाश ओढून नेतो, हे तरंगाच्या हालचालीवरून कळते. या अवधीत आमचे संभाषणही आपोआप विरळ होत जाते. शहरातल्या बैठकीत दोन वाक्यांमधली स्तब्धता अवघड वाटते. येथे तीच स्तब्धता मैत्रीचा सर्वांत निःशंक भाग ठरते, कारण सर्वांची दृष्टी एकाच पाण्यावर स्थिरावलेली असते आणि कोणालाही कोणासमोर काही सिद्ध करावयाचे नसते.

गळ टाकण्याचा हा विरंगुळा आपल्याकडे नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना चारावयाचे अन्न, दोरी आणि गळ यांचे वर्णन त्यात येते. राजाने गळ हाती धरण्यापूर्वी माशांना काय रुचते हे जाणून घ्यावे, अशी त्या विवेचनामागची धारणा दिसते. पुढे १८२४ ते १८३१ या काळात कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडला आणि त्यानंतर त्याने येथील गोड्या पाण्यातील माशांची वर्णने लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महसीर जातीच्या माशाची नोंद त्यांतच आहे. या जातीला आपल्याकडे खडस म्हणतात. साइक्सने अभ्यास केला, लेखन केले, त्याचे श्रेय त्याला आहेच. परंतु कोणता मासा कोणत्या डोहात आणि कोणत्या ऋतूत सापडतो, हे त्याच्या दप्तरात येण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जाळे टाकणाऱ्या भोयांना आणि कोळ्यांना मुखोद्गत होते.

खडस हा मूळचा वाहत्या पाण्याचा मासा. गोटे आणि वाळू असलेला तळ, प्राणवायूने भरलेला स्वच्छ प्रवाह आणि पावसाच्या दिवसांत उगमाकडे जाण्याची मोकळी वाट ही त्याची गरज. बलाढ्य अंग, सोनेरी छटेचे मोठे खवले आणि प्रवाहाविरुद्ध झेपावण्याचे सामर्थ्य यांमुळे त्याला जगभर ख्याती मिळाली. पण नद्यांवर बांध पडले, वाळू उपसली गेली, सांडपाणी मिसळले, सुरुंगाच्या दारूने डोहच्या डोह मारले गेले, आणि जेथे तो एकेकाळी सहज दिसे तेथून तो दिसेनासा झाला. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर १९७०च्या दशकापासून टाटांच्या वतीने त्याचे कृत्रिम प्रजनन करून बोटुकली अनेक जलाशयांत सोडण्यात आली. या जातीचे रक्षण आपल्या लोकांनी आपल्या रीतीनेही केले आहे. महाडनजीक काळ नदीवरील वाळणकोंडीच्या डोहात मासे देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी मारीत नाही. देहूच्या इंद्रायणीतही माशांना खाऊ घालण्याची आणि त्यांना अभय देण्याची रीत आहे. जेथे कायद्याचा शिपाई पोहोचत नाही तेथे श्रद्धेने पहारा दिला, हे आपल्या नद्यांच्या इतिहासात कृतज्ञतेने लिहून ठेवावे असे सत्य आहे.

आज मुळशीसारख्या जलाशयांत गळाला जे बहुधा लागते ते बाहेरून आलेले. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने त्यांचे प्रजनन घडवून आणल्यानंतर त्यांचे बीज देशभर तळ्यांतळ्यांत जाऊ लागले. चिलापी १९५२ मध्ये परदेशातून आली आणि उथळ पाण्यात पसरत गेली. गरिबाच्या ताटात स्वस्त मासळी आली, हा या बदलाचा लाभ मी कमी लेखीत नाही. परंतु जे पाणी आपण निसर्गाचे म्हणून पाहतो, त्याच्या पोटातील वस्तीही माणसानेच पालटली आहे, हे काठावर बसणाऱ्याने जाणले पाहिजे.

आणि पाण्याच्या वरची वस्ती तर त्याहून आधी पालटली. मुळा आणि नीला यांच्या संगमाचे हे खोरे आंबेमोहोर तांदळासाठी प्रसिद्ध होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा सरकारने भूसंपादनाचा कायदा तिच्या हाती दिला, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी बांधाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्यामुळेच सेनापती झाले आणि त्यासाठी त्यांनी दीर्घ कारावास भोगला. लढा मोडला, १९२७ पासून या पाण्यावर भिऱ्याचे विद्युत्‌गृह चालू झाले. मुळेचे पाणी मुठेला, भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जावयाचे, ते बोगद्यातून पश्चिमेस वळले, घाटाखाली भिऱ्यास वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरले आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास जाऊ लागले. आमचे भूगोलाचे शिक्षक हा प्रवास काठीच्या टोकाने मातीत रेखून दाखवतात; आप्पा मात्र त्या रेषांपैकी एकीवर बोट ठेवून, येथे आमचे खळे होते, एवढेच म्हणतात. वैशाखात पाणी ओसरले की बुडीत क्षेत्रातील जुने चौथरे आणि बांध उघडे पडतात, तेव्हा ते दरवर्षी एकदा त्या बाजूस जाऊन येतात.

रात्री कंदिलाच्या उजेडात भाकरी, पिठले आणि मिळाला असेल तर माशाचा रस्सा असे जेवण होते, आणि बोलणे बहुधा पहिल्या पावसाकडे वळते. ज्येष्ठ-आषाढात ओढे-नाले फुटून वाहू लागले, की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांना आपल्या भागात चढणीचे मासे म्हणतात आणि ते धरण्याचा उत्साह गावोगाव असतो. पूर्वी हा उत्साह मर्यादेत राही, कारण माणसे थोडी, जाळी सुताची आणि ओढे पुष्कळ होते. आता नायलॉनची बारीक जाळी ओढ्याच्या मुखावर आडवी पसरली जातात, कोठे पाण्यात विजेची तार सोडली जाते, आणि अंड्यांनी भरलेली मादी पिशवीत पडते. तिच्याबरोबर तिचा संबंध वंश नष्ट होतो. पाटबंधारे खात्यातले आमचे स्नेही म्हणतात की धरणाला पाण्याचे लेखे ठेवणारा कारकून असतो, माशांचे लेखे ठेवणारा मात्र कोणी नाही. ते लेखे मग ज्याच्या हाती गळ आहे त्यानेच ठेवले पाहिजेत, असे मला वाटते.

रविवारी पहाटे धुके पाण्यावरून उठत असताना एखादा खंड्या समोरच्या वठलेल्या खोडावर येऊन बसतो, पाणकावळे पंख पसरून ऊन घेऊ लागतात, आणि रात्रभर न हललेला तरंग अकस्मात खाली जातो. दोरी ताणली जाते, काठी वाकते, आणि हातातून खांद्यापर्यंत दुसऱ्या एका जिवाची शक्ती प्रत्ययास येते. तो क्षण आनंदाचा असतो, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. त्या आनंदासाठीच आम्ही येतो. रोहू किंवा चिलापी असेल तर ती आमच्या चुलीवर जाते. खडस लागला तर आप्पा हात पाण्याने ओले करून, त्याला काठावर फार वेळ न ठेवता गळ सोडवतात आणि तोंड खोल पाण्याकडे करून हलकेच सोडून देतात. सोडलेल्या माशाविषयी आमच्यांत कधी कोणी हळहळ व्यक्त केलेली नाही.

विश्रांतीचा हा दीड दिवस आपल्याला ज्या पाण्याकाठी मिळतो ते पाणी कोणाच्या तरी शेतांवर उभे आहे आणि कोणाच्या तरी त्यागाने साठले आहे. त्यातील मासाही आपल्या मनोरंजनासाठी जन्माला आलेला नाही. म्हणून करमणूक वर्ज्य करावी असे मी म्हणणार नाही, कारण जो पाण्याकाठी कधी बसलाच नाही त्याला पाण्याची काळजी वाटणेही कठीण आहे. परंतु त्या करमणुकीला मर्यादा असावी. वाचकांपैकी ज्यांना गळाचा छंद आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे: ज्येष्ठ-आषाढात काठी घरी ठेवा, चढणीच्या माशाला वाट द्या, खडस सापडला तर जिवंत सोडा, भुकेपुरते घ्या, आणि ज्या काठी बसाल त्या पाण्याखाली कोणाचे गाव होते हे तेथल्या एखाद्या वृद्ध माणसाला आदराने विचारून घ्या.