चुन्याखाली

आमच्या घराला चुना लागायचा तो दिवाळीला. सण आमचा नाताळचा. पण डिसेंबरात दुधनीत चुना लावणारा माणूस शोधून सापडत नसे, आणि दिवाळीच्या तोंडावर तर गल्लीगल्लीत चुनकळीची पिंपे खदखदत असायची. तेव्हा शेजाऱ्यांबरोबर आपलेही घर पांढरे करून घ्यावे, असा सोयीचा शेजारधर्म बाबांनी पत्करला होता. शेजारून कडबोळ्यांचे ताट आले की आई ते ताट रिकामे परत करीत नसे. आमच्या करंज्या मात्र दोन महिने उशिराने निघत. दोन्ही घरांना याची इतकी सवय झाली होती, की शेजारची अज्जी नाताळला ‘तुमची दिवाळी’ म्हणे आणि आम्हांला त्यात काही वावगे वाटत नसे.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातले, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. अगदी कर्नाटकाच्या उंबऱ्यावर बसलेले. शाळेत मराठी, तुरीच्या अडतीवर कानडी, आणि आमच्या घरात आजीची नगरकडची बोली. बाबा रेल्वेत होते. स्टेशनाजवळ भाड्याच्या दोन खोल्या, मागे मोठे अंगण, आणि अंगणाला एक लांबलचक मातीची भिंत. माझी सारी गोष्ट त्या भिंतीची आहे.

पण भिंतीआधी रस्ता सांगायला हवा. आमच्या दारावरून काय काय जाई! पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव. मंगळवारी-शुक्रवारी यल्लम्माचा जग डोक्यावर घेतलेली जोगतीण. कधी नंदीबैल, कधी बहुरूपी, आणि उन्हाच्या काहिलीत आसूड कडाडत येणारा पोतराज. आम्हां मुलांना यांतले काहीही बघायची बंदी होती. बाबा ओंजळभर जोंधळे देत, कोणाला रिकाम्या हाताने पाठवीत नसत; पण दाणे पडले की दार बंद. त्यातही लांबून हलगी ऐकू आली, की ते उठून खिडकीसुद्धा लावून घेत. मी समजे, ही त्यांची धर्मनिष्ठा. निर्गमातला विसावा अध्याय त्यांना तोंडपाठ होता. कोरीव मूर्ती नको, प्रतिमा नको, तिच्यापुढे वाकणे नको.

आजीचे सगळेच निराळे. तिच्या मते देवाचे नाव टाळ-मृदंगाशिवाय घेणे म्हणजे मीठ न घालता कोरड्यास करणे. लहानपणी तिने नगरकडे ख्रिस्ती कीर्तने ऐकली होती. ही कीर्तने म्हणजे काही नकली माल नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगरला ती उभी केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सारे जसेच्या तसे. आख्यान तेवढे उधळ्या पुत्राचे. पुढे रेव्हरंड टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर, या वाटेला आपल्या अभंगांची जोड दिली. आजीने टिळकांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले होते, की ऐकणाऱ्यांकडून ऐकले होते, हे मी कधी खोदून विचारले नाही. ती हातवारे करून ते सांगू लागली की विचारण्याची छाती होत नसे.

१९७४ सालच्या उन्हाळ्यात मी सतरा वर्षांचा होतो. गावात एक पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, खतांच्या जाहिराती आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, हे सगळे त्याच्याच हातचे. सुट्टीत मी त्याचे डबे उचलायला जाऊ लागलो. एक दिवस उरलेला गेरू, काजळी आणि आईची नीळ घेऊन मी मागच्या भिंतीवर उत्तम मेंढपाळ काढला. आमच्याकडच्या तसबिरीतला मेंढपाळ सोनेरी केसांचा होता आणि त्याची मेंढरे कापसासारखी पांढरी. पण पांढऱ्या मेंढरांचा कळप मी कुठे पाहिला होता? लोहमार्गाच्या कडेने धनगर जात, त्यांची मेंढरे काळी. म्हणून मी काळी मेंढरे काढली. येशूच्या खांद्यावर घोंगडी दिली, डोक्याला मुंडासे, हातात काठी, आणि पायांत जाड वहाणा. तोंडावळा काही केल्या जमेना. शेवटी तो त्या पेंटरसारखा झाला.

बाबांनी ते पाहिले आणि काही बोलले नाहीत. आजी मात्र रोज संध्याकाळी खाट ओढून त्याच्यासमोर बसू लागली. “माझा धनगर,” ती म्हणे. पाऊस फार लागला नाही, चित्र टिकले. आणि दिवाळीच्या पहिल्या पहाटे अंगणात येऊन पाहतो, तो भिंतीच्या पायथ्याशी पणती तेवत होती, आणि माझ्या येशूच्या कपाळावर कुंकवाचे बोट होते. शेजारची अज्जी! तिला विचारले तर म्हणाली, “येसप्पा एकटाच अंधारात उभा होता की!”

त्या दुपारी बाबांनी स्वतः पिंप आणले. आमच्या घराला आठवड्यापूर्वीच चुना लागून गेला होता, आणि कुंचा त्यांनी आजवर कधी हाती धरला नव्हता. तीन हात दिले. पहिल्या हाताखालून काळी मेंढरे दिसत राहिली. काजळी लवकर जात नाही. मी जवळ उभा होतो. “आज पणती, उद्या नारळ,” एवढेच ते म्हणाले. मी भांडलो नाही, रडलोही नाही. पण चित्र काढणे सोडले, आणि बरीच वर्षे बाबांशी कामापुरते बोललो.

खरे कारण आजीने मला १९७९ साली सांगितले. बाबांचे आजोबा गावचे हलगीवाले. लग्न असो, मयत असो, पाटलाचा बैलपोळा असो, बोलावणे आले की हातातला घास टाकून जायचे, दूर उभे राहून वाजवायचे, आणि भाकरी वरून पदरात झेलायची. आजोबांनी येशूला धरले, तरी म्हाताऱ्याचे बलुते सुटले नव्हते. सहा-सात वर्षांचे बाबा त्या म्हाताऱ्याबरोबर जात. “तुला हलगी म्हणजे गंमत,” आजी म्हणाली, “त्याला नुसता आवाज आला तरी ती भाकरी दिसते.”

मग मला माझीच लाज वाटली. ज्या लोककलांचे आपण दिवाळी अंकांतून एवढे गोडवे गातो, त्या कोणाच्या तरी गळ्यात बांधलेल्या होत्या, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आमच्या मंडळीतले वडीलधारे रस्त्यावरच्या कलेकडे पाठ फिरवतात, ती केवळ मिशनऱ्यांच्या शिकवणुकीने नव्हे.

आणि तरीही बाबांचे सगळेच मला पटले असे नाही. इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगितली ती मराठी ओवीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुराण १६१६ साली छापले गेले. परक्याला ओवी चालली, मग घरच्याला घोंगडी का चालू नये? गोव्याचे आंजेलो द फोन्सेका हे चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांपाशी शिकले आणि मरियेला साडी नेसवू लागले. गावाकडे त्यांच्यावर टीकेची झोड उठली. शेवटी पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना जागा दिली, आणि १९६७ साली ते गेले तोवर ती मरिया पुण्यात घरच्यासारखी नांदली. तिची चित्रे मी प्रथम पाहिली ती पन्नाशीत. वाटले, हा माणूस मला सतराव्या वर्षी भेटला असता तर!

नोकरीमुळे मी मुंबईस गेलो. तिथे भिंतींना तोटा नाही. वांद्र्याच्या चॅपल रोडवर २०१२ साली रणजित दहियांनी अनारकली रंगवली. घराच्या उंचीचे चित्र. १८९६ च्या प्लेगानंतर लोकांनी उभारलेले क्रूस त्याच वांद्र्याच्या गल्ल्यांत आहेत, आणि त्यांवर झेंडूच्या माळा असतात. अनारकली पाहायला गेलो त्या दिवशी एक बाई क्रूसाला माळ घालून वळली आणि त्या भिंतीकडे पाहून हसली. बाबा असते तर दोन्हींना चुना फासला असता, असे मनात येऊन मलाही हसू आले.

पण मुंबईतले खरे पथचित्र मला दादरला एका जुन्या इमारतीच्या जिन्यात भेटले. पान खाऊन कोणी कोपऱ्यात थुंकू नये म्हणून तिथे देवांच्या फरश्या बसवल्या होत्या. गणपती, साईबाबा, मक्केचे चित्र, आणि शेवटी काट्यांच्या मुकुटातला येशू. माझ्याबरोबरचे पाळकसाहेब खवळले. ही विटंबना आहे, म्हणाले. मला तसे वाटेना. शुभवर्तमानात शिपाई त्याच्यावर थुंकतात. ज्याच्यावर सारे थुंकले त्यालाच लोकांनी थुंकीच्या वाटेत उभे केले होते, तेही दुसऱ्यांच्या देवांच्या रांगेत, आणि कोपरा खरोखरच स्वच्छ होता. चर्चच्या काचचित्रांत मला जो कधी भेटला नाही, तो त्या जिन्यात भेटला. मी हे पाळकसाहेबांना सांगितले नाही. दोन मजले चढेपर्यंत त्यांचाही राग दमला होता.

निवृत्तीनंतर बाबा सोलापुरात माझ्या धाकट्या भावाकडे राहत. २०१० सालच्या नाताळच्या सुट्टीत मी तिथे गेलो होतो. पुतणीच्या कॉलेजातली मुले दारूबंदीवर पथनाट्य बसवत होती, आणि एके संध्याकाळी ती चक्क हलगी घेऊन घरी आली. माझ्या छातीत धस्स झाले. बाबा ब्याऐंशी वर्षांचे, खुर्चीत बसलेले. आता उठून खिडकी लावणार, असे वाटून मी उगीच पडद्याशी चाळा करीत राहिलो. पोरीला यातले काही ठाऊक नव्हते. एका हातात बारीक काडी, दुसऱ्यात टिपरू धरून तिने वाजवायला सुरुवात केली. आवाज अगदी बद्द.

बाबांनी हात पुढे केला. हलगी मांडीवर घेतली, कातड्यावरून तळवा फिरवला.

“थंड आहे,” ते म्हणाले. “शेकल्याशिवाय ही बोलायची नाही. जा, मागे चार काटक्या पेटव.”

ती पळाली. बाबा तिच्या मागोमाग काठी टेकत अंगणात गेले, आणि जाळापासून किती अंतरावर धरायची ते दाखवू लागले.